दाराच्या आतल्या बाजूला

लेबर कॅम्प रिकामा झाला तेव्हा अंबादासने
दुमजली लोखंडी खाट वीस दिरहमला उचलली,
वरचा मजला कापला,
खालचा उभा करून भिंतीला टेकवला
आणि म्हणाला, घे, माग.
मी काही मागितलं नव्हतं.

शारजात, रोल्याच्या मागे, चौथ्या मजल्यावर
एक खोली. तीत फ्रीज, एसी, आम्ही दोघं,
आणि आता हा.

सोलापुरात वडील पॉवरलूमवर होते, तेहेतीस वर्षं.
घरी आले की आम्ही ओरडूनच बोलायचो त्यांच्याशी,
गल्लीला वाटायचं, भांडणं चाललीत.
लग्न ठरताना मी एकच विचारलं होतं,
मुलगा मागावर नाही ना?
नाही, एसी दुरुस्त करतो, गल्फला.
मी हो म्हटलं.

ताण्याला मासळीबाजाराजवळ मिळते ती जाळ्याची सुतळी.
बाण्याला काहीही:
हॉटेलांनी बाद केलेल्या चादरी, कोपऱ्यात निळा शिक्का,
खालच्या रफीकुल टेलरकडची अबायांची कात्रणं
(काळ्यात किती काळे असतात, ते इथे कळलं),
कुणाचा शाळेचा मरून स्कर्ट,
अंबादासचे कव्हरॉल, धुऊन धुऊनही गॅसचा वास न सोडणारे.
एकाच्या कॉलरला आतून मार्करने लिहिलेलं,
जी. पेरुमल, खोली १४.
अंबादासकडे तो कसा आला, त्यालाही आठवेना.
नाव आत वळवून विणलं.

पट्टी दोन बोटं रुंद. कात्री नाही, हाताने टरकवायची.
त्या आवाजासाठीच मी हे करते, असं कधी कधी वाटतं.
फणी नाही, म्हणून जेवणाच्या काट्याने ठोकते.

व्हिडिओवर वडिलांना दाखवला.
बराच वेळ बघत राहिले.
मग सगळ्या सोलापूरला ऐकू जाईल असं ओरडले,
डावीकडे सैल आहे!
होतंच.

एका संध्याकाळी बेल वाजली.
तिसऱ्या मजल्यावरची इहसान, सुदानची.
वाटलं, ठोकण्यावरून भांडायला आली.
तिच्या हातात सुपरमार्केटची पिशवी,
पिशवीत नवऱ्याचा फेटा. पांढरा, मलमलीसारखा,
उलगडत गेलो तर खोली संपली, फेटा नाही.
गेला तो मागच्या रमजानच्या आधी.

मी हिंदीत, ती अरबीत, मध्ये दोघींचं मोडकं इंग्रजी.
म्हटलं, डोक्यावरचं हे. पायाखाली कसं घालू?
आमच्यात मागाला पाय लागला तरी पाया पडतात.

ती उठली, माझ्या दाराच्या आत जाऊन उभी राहिली,
हात मागे बांधून, छताकडे बघत.
असा, म्हणाली. रोज.
माझे बूट सापडेपर्यंत.
कधी चिडला नाही.
तिथेच हवाय.

मला फाडवेना.
पहिली चीर तिनेच दिली, दातांनी.
मग एक टोक माझ्याकडे, एक तिच्याकडे,
फाडत फाडत ती दारातून बाहेर गेली,
जिन्यापर्यंत,
आणि पट्टी गुंडाळत परत आली.

पांढऱ्यात पांढरं विणणं डोळ्यांना दिसत नाही,
बोटांनी मोजत गेले.
वाटलं होतं त्यापेक्षा लहान झाला.
थोडं काळं घालून वाढवू का, विचारलं.
नको म्हणाली.
एका माणसाला उभं राहण्यापुरता होता तो.

काल तिच्याबरोबर बाजारात निघाले.
किल्ली मिळाली, पिशवी मिळाली, बूट मिळेनात.
पलंगाखालून तिचं पुटपुटणं ऐकत
मी हात मागे बांधून थांबले.
कशावर थांबलेय,
ते तळव्यांना आधी कळलं.